लुगड्याला कैची लावण्याआधी: गोधडीची नक्षी संगणकावर कशी मांडायची

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, हरभरा-गहू घरात आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्याकडच्या गावांत गोधड्यांचे दिवस सुरू होतात. दुपारचं ऊन अंगणात उतरलं की सपरीत, म्हणजे ओसरीत, जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे आखूड झालेले गणवेश यांचा ढीग पडतो आणि चार-पाच जणी सुया घेऊन बसतात. लिहिताना गोधडी किंवा वाकळ, बोलताना मात्र आमची 'वाकय'.

या ढिगाशेजारी मी पहिल्यांदा लॅपटॉप उघडला तेव्हा आमच्या आजेसासूबाईंनी विचारलं, "काहून वं, हे डब्बे कायचे मांडले?" मी त्यांना पडद्यावरची नक्षी दाखवली. लाल चौकटी, मध्ये पांढऱ्या, कडेनं हिरव्या. त्यांनी ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "दिसते चांगली. पण येवढं पांढरं कुठून आणशीन?"

घरात पांढरं म्हणजे सासऱ्यांचं एक धोतर, तेही मधोमध विरलेलं. माझ्या नक्षीला त्याच्या दुप्पट कापड लागत होतं. आजींच्या त्या एका प्रश्नानं माझी सगळी पद्धत उलटी झाली, आणि आज जी पद्धत मी शिकवते ती तिथूनच निघाली: आधी कापड मोजायचं, मग माप ठरवायचं, आणि नक्षी शेवटी.

गोधडीची नक्षी काढायची म्हणून जी खास सॉफ्टवेअर मिळतात त्यांची चाल याच्या विरुद्ध असते. सगळ्यांत नावाजलेलं इलेक्ट्रिक क्विल्ट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ते तयार होतं आणि १९९१ पासून चालत आलेलं आहे. त्यात हजारो तयार नक्ष्या आहेत. नक्षी निवडा, रंग भरा, की कोणतं कापड किती वार आणायचं याचा अंदाज ते काढून देतं. काम उत्तम आहे. पण ते दुकानातून नवं कापड आणून गोधडी शिवणाऱ्यांसाठी बनलंय, आणि विकत घ्यावं लागतं. आपलं कापड आईच्या पातळात आणि आजीच्या लुगड्यात आहे. ते जेवढं आहे तेवढंच आहे, आणि एकदा कापलं की दुसरं मिळणार नाही. म्हणून चूक व्हायची असेल तर ती पडद्यावर व्हावी.

त्यासाठी दोन फुकट सॉफ्टवेअर पुरतात. एक लिबरऑफिस, त्यातलं कॅल्क, म्हणजे हिशेबाचे खाने. दुसरं इंकस्केप, चित्र काढायचं. इंकस्केप २००३ पासून आणि लिबरऑफिस २०१० पासून लोकांनी मिळून वाढवलेलं आहे. दोन्ही एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो. एमएस-सीआयटी केलेली एखादी सून किंवा पोरगी आता बहुतेक गावांत असते. तिला कॅल्कची तोंडओळख झालेलीच असते, कारण एक्सेल आणि कॅल्क चालतात सारखेच. मोबाइलवर गुगल शीट्समध्येही पहिला भाग जमतो, पण एवढ्याशा पडद्यावर खाने भरताना डोळे दुखतात. शक्य असेल तर संगणकच घ्या.

सुरुवातीलाच एक काम करून टाका. कॅल्कमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथे जा आणि ऑटोरिकव्हरीचा वेळ दोन मिनिटांवर आणा. आपल्याकडे लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि बॅटरी बसलेला लॅपटॉप लाईनसोबतच जातो. इंकस्केपमध्येही प्रेफरन्सेसच्या इनपुट-आउटपुट भागात ऑटोसेव्ह आहे, तेही चालू करा.

आधी कापड

कापड धुऊन, वाळवून, उजेडाला धरून पाहा. जिथून पलीकडची बोटं दिसतात तो भाग वरच्या थरासाठी बाद. तो फेकायचा नाही, आतल्या थरात जाईल. उरलेला धड भाग टेपनं मोजून लिहा: रुंदी आणि लांबी, दोन्ही इंचांत. काठ आणि पदर वेगळे मोजा, ते शेवटी कडेला कामी येतात. शिंप्याकडून नवी कात्रणं आणली असतील तर ती एकदा भिजवून वाळवून घ्या. जुनं सुती कापड जेवढं आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं, नवं पहिल्या धुण्यात आटतं आणि शेजारच्या चौकटीला ओढून चुण्या पाडतं.

आता एक चौकट कापायला किती कापड लागतं ते पाहू. शिवून झाल्यावर चौकट ६ इंचांची दिसायला हवी असेल तर चारही बाजूंनी शिवणीत जाणारं कापड त्यात धरावं लागतं. इंग्रजी पुस्तकांत ते पाव इंच सांगतात. नव्या, घट्ट विणीच्या कापडाला ते ठीक आहे. विरलेल्या लुगड्याचे दोरे सुटतात, म्हणून मी अर्धा इंच धरते. म्हणजे ६ इंचांच्या चौकटीसाठी तुकडा कापायचा ७ इंचांचा.

कॅल्कमध्ये नवी फाइल उघडा, खालच्या पट्टीवर दोन शीट करा. पहिल्या शीटला नाव द्या 'कापड', दुसऱ्या शीटला 'नक्षी'. कापडाच्या शीटमध्ये प्रत्येक कापडाला एक ओळ आणि एक आकडा. माझ्या एका गोधडीचा हिशेब असा होता. १ म्हणजे लाल लुगडं, धड भाग ३८ बाय १०० इंच. २ म्हणजे पांढरं धोतर, ४३ बाय ५०. ३ म्हणजे हिरवं पातळ, ३० बाय ५०. ४ म्हणजे निळ्या गणवेशाचे तुकडे, मोजून १५ चौकटी निघतील एवढे.

लाल लुगड्यातून किती चौकटी निघतील? इथे नवशिकी माणसं ३८ ला १०० नं गुणतात, ४९ नं भागतात आणि ७७ लिहून मोकळी होतात. कापायला बसलं की सत्तरच निघतात. कारण ३८ इंच रुंदीत ७ इंचांचे पाचच तुकडे बसतात, उरलेल्या ३ इंचांची चौकट होत नाही. १०० इंच लांबीत बसतात १४. पाच चौदं सत्तर. म्हणून रुंदी आणि लांबी वेगवेगळी ७ नं भागायची, दोन्हींतला अपूर्णांक सोडून द्यायचा आणि मग गुणायचं. कॅल्कला अपूर्णांक सोडायला सांगणारं फंक्शन आहे, त्याचं नाव इंट. इन्सर्ट मेन्यूत फंक्शन उघडलं की यादीत सापडतं. या हिशेबानं धोतरातून ४२, हिरव्या पातळातून २८. गणवेशाच्या १५ धरून सगळ्या मिळून १५५ चौकटी.

मग माप

गोधडी किती लांब-रुंद करायची हे खाटेवरून ठरवावं असं वाटतं. मी ते आतल्या थरांवरून ठरवते. साधारण साडीची रुंदी ४५ इंच असते आणि लांबी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंचांच्या आसपास. साडीचे ६४ इंचांचे दोन तुकडे कापले आणि लांब बाजूनं, काठाला काठ लावून जोडले, की ६४ बाय ८९ इंचांचा एक थर तयार होतो. दोन पन्हे, म्हणजे दोन रुंद्या, मिळून ९०, त्यातला एक इंच जोडणीत जातो. एका साडीत एक थर होऊन ८८ इंचांचा तुकडा हातात राहतो, तो पुढच्या थराला.

आता वरची नक्षी ९० इंच लांब काढली तर खालचा थर अपुरा पडतो आणि एका इंचासाठी पट्टी जोडत बसावं लागतं. म्हणून मी नक्षी ६० बाय ८४ इंचांची घेते. ६ इंचांच्या चौकटी आडव्या १०, उभ्या १४, एकूण १४०. चारही बाजूंना खालचा थर दोन-अडीच इंच बाहेर राहतो, तो वर दुमडून कड शिवता येते. तुमच्या साडीचा पन्हा ४४ असेल किंवा ४७ असेल, तर हा आकडा बदलेल. टेप लावून पाहा, माझ्या आकड्यावर विसंबू नका.

आता नक्षी

'नक्षी' शीटवर या. ए पासून जे पर्यंतचे दहा स्तंभ निवडा, फॉरमॅट मेन्यूतून स्तंभाची रुंदी १ सेंटिमीटर करा. मग १ ते १४ ओळी निवडून त्यांचीही उंची १ सेंटिमीटर. पडद्यावर १४० चौकोनी खाने दिसतील. ही तुमची गोधडी.

खान्यांत रंग हातानं भरू नका. आकडे भरा: लाल असेल तिथे १, पांढरं असेल तिथे २. आकड्याला रंग कॅल्क देईल. त्यासाठी सगळे १४० खाने निवडा, फॉरमॅट, कंडिशनल, कंडिशन असं जा. खिडकी उघडेल. तिथे 'सेल व्हॅल्यू', 'इज इक्वल टू' आणि पुढे १ लिहा. खाली स्टाइलच्या जागी 'न्यू स्टाइल' निवडा, तिच्या बॅकग्राउंडमध्ये लाल रंग घ्या. मग 'ॲड' दाबून २ साठी पांढरा, ३ साठी हिरवा, ४ साठी निळा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि एकदाच करायचं आहे. यानंतर खान्यात ३ दाबलं की खाना हिरवा. हाताशी बसलेल्या काकूंना हे दाखवा. संगणकाला घाबरणारी बाई इथेच खुर्ची पुढे ओढते.

आता जी युक्ती सांगते तिच्यामुळे तासांचं काम मिनिटांवर येतं. गोधडीची नक्षी बहुधा चारही बाजूंनी सारखी असते. मग १४० खाने कशाला भरायचे? डावीकडचा वरचा पाव भागच भरा: ए ते ई हे पाच स्तंभ, १ ते ७ या सात ओळी. पस्तीस खाने. उरलेले खाने आरशासारखे आपोआप भरले पाहिजेत. एफ स्तंभाच्या पहिल्या खान्यावर जा, बरोबरचं चिन्ह टाइप करा, शेजारच्या ई च्या पहिल्या खान्यावर क्लिक करा, एंटर. जी च्या पहिल्या खान्यात बरोबरचं चिन्ह आणि डी चा पहिला खाना. एच ला सी, आय ला बी, जे ला ए. हे पाच खाने निवडा, उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका पकडून सातव्या ओळीपर्यंत खाली ओढा. वरचा अर्धा भाग झाला. मग ए स्तंभाच्या आठव्या खान्यात बरोबरचं चिन्ह देऊन ए चा सातवा खाना, नवव्यात सहावा, असं करत चौदाव्यात पहिला. हे सात खाने निवडून ठिपका जे पर्यंत उजवीकडे ओढा.

आता पाव भागात एक आकडा बदलून पाहा. चार ठिकाणी एकदम रंग बदलेल. वाड्याच्या दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढताना एका कोपऱ्यात जे केलं ते उरलेल्या तीन कोपऱ्यांत करावंच लागतं ना, तेच इथे कॅल्क करतं.

पुरेल का?

'कापड' शीटवर परत या. प्रत्येक कापडाच्या ओळीत एक खाना 'लागतात' यासाठी ठेवा. इन्सर्ट, फंक्शन, यादीतून काउंटइफ. रेंजच्या जागी नक्षीचे १४० खाने निवडा, क्रायटेरियाच्या जागी त्या कापडाचा आकडा. नक्षीत लाल किती, पांढऱ्या किती हे कॅल्क मोजून देतं, आणि तुम्ही नक्षी बदलली की मोजणीही बदलते. शेजारच्या खान्यात 'आहेत' वजा 'लागतात'. या स्तंभाला पुन्हा कंडिशनल लावा, शून्यापेक्षा कमी असेल तर लाल.

माझ्या त्या गोधडीत लाल ६४, पांढऱ्या ४४, हिरव्या २४, निळ्या ८ लागत होत्या. धोतरातून निघत होत्या ४२. पांढऱ्यापुढे उणे दोन आणि खाना लाल झाला. आजींनी जो प्रश्न विचारला होता तोच आता शीट विचारत होती. दोनच चौकटी कमी होत्या, पण दोनच बदलल्या असत्या तर नक्षी एका बाजूला झुकली असती. मी पाव भागातला कोपऱ्याचा एक खाना २ वरून ४ केला. गोधडीचे चारही कोपरे निळे झाले. पांढऱ्या ४०, निळ्या १२. निळं होतं १५ चं, म्हणजे तीन राखीव. पांढऱ्यातही दोन राखीव. निळ्या कोपऱ्यांची ती गोधडी मूळ विचारापेक्षा देखणी झाली, हे मी मनापासून सांगते.

प्रत्येक कापडात दोन-चार चौकटी राखीव ठेवाच. कापताना कुठेतरी जुना डाग निघतो, कुठे इस्त्रीचा चटका.

नक्षी पक्की करण्याआधी आणखी एक पाहणी करा. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्याला काळा-पांढरा फिल्टर लावा. लाल आणि हिरवं डोळ्यांना किती वेगळं वाटतं, पण गर्द लाल आणि गर्द हिरवं काळ्या-पांढऱ्या फोटोत एकाच राखाडी रंगाचे दिसतात. तसं झालं तर दिवसाउजेडी छान वाटणारी नक्षी संध्याकाळी दिव्याखाली नुसता एक गडद पट्टा होते. दोन गडद कापडांच्या मध्ये एक फिकं येईल असं आकड्यांत जरा हलवून घ्या.

नुसत्या चौकटींची गोधडी करायची असेल तर तुमची नक्षी इथे पूर्ण झाली. पहिली गोधडी चौकटींचीच करा असं माझं सांगणं आहे. इंकस्केपचा भाग दुसऱ्या गोधडीसाठी ठेवा आणि सरळ छपाईकडे या.

त्रिकोण हवे असतील तर इंकस्केप

कॅल्कच्या खान्यात तिरकी रेघ मारून दोन रंग भरता येत नाहीत. म्हणून भिंगरीची नक्षी इंकस्केपमध्ये काढावी लागते. भिंगरी म्हणजे चार चौकोन, प्रत्येकात दोन त्रिकोण, एक लाल एक पांढरा, आणि प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा पाव फेरा फिरवलेला.

फाइल मेन्यूतून डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा. एकक इंच करा, कागद ६० बाय ८४. खऱ्या मापाचा कागद घ्यायला भिऊ नका, पडद्यावर तो लहान होऊन मावतो. तिथल्याच ग्रिड्स भागात नवी चौकोनी जाळी घ्या, अंतर आडवं ६ इंच, उभं ६ इंच. आता स्नॅपिंग चालू करा, म्हणजे टोकं जाळीच्या रेघांना लोहचुंबकासारखी चिकटतात. पेन टूल घेऊन एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर क्लिक करा, शेवटी पहिल्या टोकावर क्लिक करून आकार बंद करा. लाल रंग. उरलेल्या कोपऱ्यासाठी दुसरा त्रिकोण, पांढरा. दोन्ही निवडून ग्रुप करा. कंट्रोल आणि डी दाबून त्याची नक्कल काढा, ऑब्जेक्ट मेन्यूतून ९० अंश फिरवा, शेजारच्या चौकोनात सरकवा. अशा चार झाल्या की चौघींचा मिळून एक ग्रुप. १२ इंचांची एक भिंगरी तयार.

गोधडीभर पसरवायला एडिट, क्लोन, क्रिएट टाइल्ड क्लोन्स. ओळी ७, स्तंभ ५, सिमेट्री साधी सरळ. आधी रीसेट दाबा, कारण मागच्या वेळचे आकडे तिथे राहून गेलेले असतात. क्रिएट दाबलं की ३५ भिंगऱ्या पसरतात. मूळ भिंगरी पहिल्या क्लोनच्या, म्हणजे नकलेच्या, खाली दबलेली असते; ती बाजूला काढून ठेवा. तिचा रंग बदलला की सगळ्या ३५ बदलतात.

इथे एक अडचण हमखास येते आणि तिचं कारण पटकन सापडत नाही. भिंगऱ्या पसरल्यावर त्यांच्या मध्ये केसाएवढ्या फटी दिसतात आणि शेवटची ओळ कागदाबाहेर जाते. दोष त्रिकोणांच्या बाह्यरेघेचा असतो. रेघेला जाडी असते आणि इंकस्केप ती मापात धरतं. फिल अँड स्ट्रोक उघडा, स्ट्रोक पेंट काढून टाका, पुन्हा पसरवा. मला हे समजायला एक अख्खी दुपार लागली होती, तुमची दुपार वाचावी म्हणून लिहिलं.

आपल्याच कापडाचा पोत पडद्यावर हवा असेल तर कापडाचा सावलीत, टेप शेजारी ठेवून फोटो काढा. फोटो इंकस्केपमध्ये आणा, टेपवरचा इंच जाळीच्या मापाशी जुळेल इतका लहान-मोठा करा, ऑब्जेक्ट मेन्यूतून पॅटर्न करा आणि त्रिकोणात रंगाऐवजी तो भरा. फोटो आधी लहान करून घ्या, नाहीतर लॅपटॉप रेंगाळतो. पाहुण्या गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर दाखवायचं असेल तर हे करावं. लाल रंगाचा त्रिकोण आणि आईच्या लुगड्यातला त्रिकोण यांत बघणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. एक्स्पोर्ट केलं की साधं चित्र तयार होतं.

त्रिकोणांना कापड जास्त लागतं, हे ध्यानात ठेवा. अर्धा इंच शिवण धरली तर ६ इंचांच्या तयार चौकोनातले दोन त्रिकोण कापायला पावणेआठ इंचांचा चौकोन घेऊन तो तिरका कापावा लागतो. आपल्या लाल लुगड्यात असे रुंदीत चार, लांबीत बारा, म्हणजे ४८ चौकोन बसतात, ९६ त्रिकोण. पूर्ण गोधडीच्या भिंगऱ्यांना लाल त्रिकोण लागतात १४०. म्हणजे पुरत नाही. मग गोधडीच्या मध्यभागी भिंगऱ्या आणि कडेनं साध्या चौकटी असं काही करावं लागतं. तिरकी कापलेली कड उरेब असते, ओढली की ताणते. म्हणून त्रिकोणांसाठी कापडाला आधी पातळ खळ देऊन, इस्त्री करून मगच कापा. मऊ पडलेल्या लुगड्याला तर चौकटींसाठीही खळ द्यावीच.

छपाई

नक्षी कागदावर छापायची ती फक्त पाहण्यासाठी, तिचं माप काहीही असो. पण कापायचा साचा मात्र खऱ्या मापात छापला पाहिजे. इंकस्केपमध्ये ए-फोर कागदाची नवी फाइल घ्या, ७ इंचांचा चौकोन काढा. मापं वरच्या पट्टीत आकड्यांनी टाका, अंदाजे ओढू नका. त्याच्या आत ६ इंचांचा दुसरा चौकोन, तो शिवणीची रेघ. कागदाच्या खालच्या भागात एक इंचाचा छोटा चौकोन काढा. तो तपासणीचा. पीडीएफ करा आणि पेनड्राइव्हवर घ्या.

गावातल्या सेवा केंद्रात किंवा तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात छापायला देताना एकच गोष्ट सांगा: ॲक्च्युअल साइझ, शंभर टक्के. फिट टू पेज नको. मी एकदा हे सांगायला विसरले. साचा थोडासा लहान होऊन आला, ७ इंचांच्या जागी पावणेसातच्या वर जेमतेम. डोळ्यांना फरक कळला नाही. १४० चौकटी कापल्या, जोडल्या, आणि ८४ इंचांची गोधडी ८१ ची झाली. काठाच्या पट्ट्या टेपनं मापून आधीच कापून ठेवल्या होत्या. त्या लावल्या तर कड सगळी फुगली आणि चुण्या आल्या. सगळा काठ उसवून पुन्हा लावावा लागला. तेव्हापासून कागद हातात आला की दुकानातच तो एक इंचाचा चौकोन टेपनं मोजते. चूक असेल तर तिथेच दुसरी प्रत काढून घेता येते.

कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, कडेनं कापा. साड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा चांगला टिकतो. तीस-चाळीस चौकटी आखल्या की पुठ्ठ्याची कड झिजते, म्हणून एकदम तीन-चार साचे करून ठेवा.

कापणं आणि लावणं

साचा कापडाच्या उभ्या-आडव्या दोऱ्याला समांतर ठेवा, शिंप्याच्या खडूनं आखा. गडद कापडाला पांढरा खडू, पांढऱ्या धोतराला निळा, पण निळा अगदी हलका, धुऊन जाईल इतकाच. कापड सगळं एकदम आखा आणि मग कापा. आखून झालं की चौकटी मोजा आणि शीटमधल्या आकड्याशी ताडून पाहा. इथपर्यंत फरक निघाला तरी काही बिघडलेलं नाही, कैची अजून बाजूलाच आहे.

नक्षीची एक प्रत छापून भिंतीला लावा. तिच्यावर आकडे दिसतातच, त्यामुळे अक्षरओळख कच्ची असलेल्या बाईलाही ती वाचता येते. दुपारी विषय शेतातल्या मजुरीचा असो की लेकीच्या सोयरिकीचा, गप्पांत ओळ चुकते. म्हणून मी कापलेल्या चौकटी ओळीप्रमाणे लावून घेते: पहिल्या ओळीच्या दहा चौकटी डावीकडून उजवीकडे एकावर एक, पहिली सगळ्यांत वर. मधून एकच दोरा ओवून सैल गाठ मारायची आणि वर ओळीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाचायची. अशा चौदा जुड्या होतात. प्रत्येकीच्या हातात एक जुडी द्या. तिनं ती ओळ जोडून आणायची, चिठ्ठी पहिल्या चौकटीला तशीच टाचलेली ठेवून. ओळी एकमेकींना जोडताना चिठ्ठ्या सगळ्या डाव्या कडेला एकाखाली एक, १ ते १४ अशा आल्या पाहिजेत. एखादी उजवीकडे गेली तर ओळ उलटी लागतेय, तिथेच थांबा. शेवटची शिवण झाल्यावरच चिठ्ठ्या काढा.